घरच्या रिळांतला इतिहास

अमेरिकेत १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची यादी वेगळी होती. तीत मालकाचे नाव असे आणि त्याखाली त्याच्या गुलामांचे वय, लिंग व रंग. गुलामांची नावे मात्र क्वचितच लिहिली जात. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८७० च्या जनगणनेत पूर्वीच्या गुलामांची नावे पहिल्यांदा सरसकट नोंदली गेली. आपल्या घराण्याचा माग काढणारी बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबे या १८७० सालापाशी येऊन अडकतात. त्यामागे जायचे तर मालकांची मृत्युपत्रे, गहाणखते, खरेदी-विक्रीचे दस्त चाळावे लागतात. म्हणजे पूर्वजांचा शोध माणूस म्हणून घेण्याची सोयच नाही, तो कुणाच्या तरी मालमत्तेच्या यादीत घ्यावा लागतो. ज्या समाजाच्या कागदपत्रांची ही अवस्था, त्याच्या घरात एखाद्या हौशी माणसाने फिरवलेल्या कॅमेऱ्याला वेगळेच मोल येते. लग्न, वाढदिवस, चर्चबाहेरची गर्दी एवढेच टिपणारी मिनिटभराची रिळेसुद्धा तिथे दस्तऐवज ठरतात. विसाव्या शतकात कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या कुटुंबांवर केलेल्या लघुपटांची परंपरा अशा रिळांपासून सुरू होते.

धंदेवाईक सिनेमाकडून या समाजाला फार काही मिळणार नव्हते. डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ने कृष्णवर्णीय पुरुषाला खलनायक आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेला तारणहार ठरवले. त्याला उत्तर म्हणून ऑस्कर मिशोसारख्या निर्मात्यांनी कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी वेगळे कथापट काढले. पण सामान्य घराच्या दृष्टीने खरा बदल १९२३ मध्ये झाला. त्या वर्षी कोडॅकने १६ मिलिमीटरची, सहजी पेट न घेणारी फिल्म आणि तिच्यासाठी घरगुती कॅमेरा बाजारात आणला. कॅमेरा, प्रोजेक्टर आणि पडदा असा सगळा संच ३३५ डॉलरला पडे. मजुरी करणाऱ्याला ते परवडण्यासारखे नव्हते. त्यामुळे पहिल्या पिढीचे चित्रण पाद्री, डॉक्टर, व्यावसायिक आणि नावाजलेले कलावंत यांच्याच हातून झाले. ही रिळे पाहताना त्यांचा हा वर्ग विसरून चालत नाही. त्यांत शेतमजुरांची खोपटी फारशी दिसत नाहीत. दिसतात ते कडक इस्त्रीचे सूट, नव्या मोटारी आणि विटांची घरे.

या पिढीतले सर्वांत मोठे काम सॉलोमन सर जोन्स यांचे. १८६९ मध्ये टेनेसी राज्यात, पूर्वी गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी ते जन्मले. १८८९ मध्ये ते ओक्लाहोमा भागात आले आणि तिथे बाप्टिस्ट पाद्री आणि व्यावसायिक म्हणून त्यांनी जम बसवला. १९२४ ते १९२८ या काळात त्यांनी चित्रित केलेली २९ रिळे आज येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहेत. सगळी मिळून जवळपास सहा तासांची ही मूक फिल्म. ओक्लाहोमात त्या काळी केवळ कृष्णवर्णीयांनी वसवलेली पन्नासच्या आसपास गावे होती आणि जोन्स त्यांतल्या अनेक गावांतून कॅमेरा घेऊन फिरले. शाळेतून बाहेर पडणारी मुले, दुकानांच्या दारात उभे राहिलेले मालक, बाप्तिस्म्याचे विधी, मिरवणुका, फुटबॉलचे सामने, स्वतःच्या तेलविहिरीपाशी उभी असलेली कुटुंबे असे सगळे त्यांत येते. शहराचे, माणसांचे नाव सांगणारी पाटी जोन्स मध्येच पडद्यावर आणतात. गुलामांच्या यादीत जे नाव नव्हते, ते इथे ठळक अक्षरांत येते.

या चित्रणाला एक भयंकर पार्श्वभूमी आहे. ३१ मे आणि १ जून १९२१ रोजी ओक्लाहोमातल्याच टल्सा शहरातली ग्रीनवूड ही भरभराटलेली कृष्णवर्णीय वस्ती गोऱ्या जमावाने जाळली. पस्तीस चौकांचा परिसर बेचिराख झाला. मृतांचा आकडा तीनशेपर्यंत गेला असावा, असा अंदाज आहे. पुढची कित्येक दशके शहराच्या इतिहासात या घटनेचा उल्लेखही धड होत नव्हता. जोन्स यांच्या रिळांत टल्साचे हे लोक हत्याकांडानंतर काही वर्षांतच पुन्हा दुकाने थाटून, चर्च बांधून उभे राहिलेले दिसतात. झालेल्या अत्याचाराबद्दल जोन्स काहीच बोलत नाहीत. त्यांचे सारे लक्ष जे पुन्हा उभे राहिले त्याकडे आहे. याला कुणी उणीव म्हणेल. पण ज्यांच्यासाठी ते चित्रण करत होते, त्यांना काय जळले हे पडद्यावर पाहण्याची गरज नव्हती. २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या रिळांचा समावेश झाला.

असाच उद्योग मेम्फिसमध्ये रेव्हरंड एल. ओ. टेलर यांनी तीस-चाळीसच्या दशकांत केला. आपल्या चर्चच्या आणि वस्तीतल्या लोकांचे त्यांनी चित्रण केले, शिवाय प्रवचने आणि गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवली. फेयार्ड आणि हॅरल्ड निकोलस हे नामवंत नर्तक बंधू. त्यांच्या घरच्या रिळांत हॉलिवूड आणि ब्रॉडवेचे पडद्यामागचे जग सापडते. ज्या स्टुडिओंत त्यांना कथेत भूमिका मिळत नसे, फक्त नाचापुरते बोलावले जाई, तिथले हे जग त्यांनी स्वतःच्या नजरेने टिपले.

झोरा नील हर्स्टनचे काम मात्र निराळे. ती मानववंशशास्त्राची विद्यार्थिनी आणि पुढे नावाजलेली कादंबरीकार. तिचे बालपण फ्लोरिडातल्या इटनव्हिल या केवळ कृष्णवर्णीयांच्या गावात गेले. १९२७ च्या अखेरीस शार्लट मेसन या श्रीमंत गोऱ्या बाईने तिला दरमहा २०० डॉलर आणि कॅमेरा देऊन दक्षिणेत लोककथा गोळा करायला पाठवले. करारानुसार जमवलेले सगळे साहित्य मेसनबाईंच्या मालकीचे होणार होते. आपल्याच लोकांचा वारसा गोळा करायचा आणि तो दुसऱ्याच्या नावे जमा करायचा, असा हा व्यवहार. तरीही हर्स्टनने टिपलेल्या तुकड्यांत मुलांचे खेळ आहेत, लाकूडतोडीचे तळ आहेत आणि अलाबामातल्या कजो लुइस या म्हाताऱ्याचे काही क्षण आहेत. कजोचे मूळ नाव कोसोला. १८६० मध्ये, म्हणजे गुलामांच्या आयातीवर बंदी आल्यावर तब्बल बावन्न वर्षांनी, ‘क्लोटिल्डा’ जहाजातून चोरून आणलेल्या सुमारे ११० आफ्रिकी माणसांपैकी तो एक. मुक्त झाल्यावर त्याने आणि सोबत्यांनी मोबील शहराजवळ आफ्रिकाटाउन नावाची वस्ती उभारली. हर्स्टन त्याचे छायाचित्र काढायला गेली तेव्हा तो ठेवणीतला सूट घालून आला, पण पायांत जोडे घालायला त्याने नकार दिला; आफ्रिकेत असल्यासारखे दिसायचे होते त्याला. आणि फोटो काढायचा तो बायकोमुलांच्या थडग्यांपाशी, हाही आग्रह त्याचाच. कुटुंब आणि मूळ देश या दोन्ही गोष्टी एका चौकटीत कशा आणाव्यात, हे त्याला कुणी शिकवावे लागले नाही. हर्स्टनने त्याच्यावर लिहिलेले पुस्तक २०१८ मध्ये, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी छापले गेले. ‘क्लोटिल्डा’चे अवशेष २०१९ मध्ये ओळखले गेले, आणि त्या जहाजातल्या माणसांच्या वंशजांवरचा ‘डिसेंडंट’ हा माहितीपट २०२२ मध्ये आला.

रंग आल्यावर तंत्राची एक नवी अडचण सोबत आली. रंगीत फिल्म घडवताना गोरी त्वचा डोळ्यांसमोर ठेवली गेली. छपाईच्या प्रयोगशाळांतही रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या तरुणीच्या चित्राचे कार्ड प्रमाण मानत. परिणामी गडद चेहरे काळपट, सपाट उमटत. गोरा आणि काळा चेहरा एकाच चौकटीत आला की काळ्याचे नाकडोळे नाहीसे होत. शाळेच्या सामूहिक फोटोंबद्दल पालकांच्या तक्रारी आल्या, पण कोडॅकने खरे मनावर घेतले ते चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांनी तपकिरी छटा नीट येत नाहीत अशी ओरड केल्यावर.

१९६० च्या दशकात या चित्रणाचे स्वरूप बदलले. ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात उठाव झाला, ३४ माणसे मेली. त्याच शहरातल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या दबावामुळे दशकाच्या अखेरीस अल्पसंख्य समाजांच्या मुलांसाठी चित्रपटाचा खास अभ्यासक्रम सुरू झाला. एलिसिओ टेलर हे त्यामागचे एक प्रमुख प्राध्यापक. तिथे शिकलेल्या चार्ल्स बर्नेट, हायले गेरिमा, लॅरी क्लार्क, ज्युली डॅश, बिली वुडबेरी, बार्बरा मॅककुलो, बेन कॉल्डवेल यांच्या पिढीला पुढे ‘एल. ए. रिबेलियन’ असे नाव पडले. पहिल्याच वर्षी प्रत्येकाने लेखन, चित्रण, संकलन सगळे स्वतः करून एक लघुपट पुरा करायचा, असा तिथला दंडक होता. शेजारीपाजारी आणि मित्रच नट होत. हाच काळ ब्लॅक पँथर पक्षाचा. त्याच्यावरूनच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतले, तेव्हा मराठी वाचकाला त्या वातावरणाची कल्पना द्यायला नको.

या मंडळींचे लघुपट काटेकोर अर्थाने आत्मचरित्रपर नाहीत, पण आपण कोण आणि कुणाचे, हा प्रश्न त्यांत सतत येतो. कॉल्डवेलच्या १९७३ च्या ‘मेडिया’त गरोदर बाई दिसते आणि पाठोपाठ वेगाने सरकणाऱ्या चित्रांचा लोंढा येतो; जन्माला येणाऱ्या मुलाला वारशात काय मिळणार याचा जणू हिशेबच. अलिली शॅरन लार्किनच्या ‘युअर चिल्ड्रन कम बॅक टू यू’मध्ये (१९७९) एका लहान मुलीला सरकारी मदतीवर जगणारी आई आणि गोऱ्यांच्या चालीरीती उचललेली सुखवस्तू आत्या यांतून निवड करावी लागते. बर्नेटचा ‘किलर ऑफ शीप’ हा त्यांतला सर्वांत गाजलेला. तो लांबीने कथापट असला तरी शनिवार-रविवारी, दहा हजार डॉलरहून कमी खर्चात, वॉट्समधल्या शेजाऱ्यांना घेऊन तो चित्रित झाला. त्यातल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नसल्याने तो चित्रपटगृहांत लागायला २००७ साल उजाडले.

घराण्याचा शोध ही घरोघरची गोष्ट झाली ती जानेवारी १९७७ मध्ये. ॲलेक्स हेलीने स्वतःच्या घराण्यावर लिहिलेल्या ‘रूट्स’ या पुस्तकावरची मालिका सलग आठ रात्री दाखवली गेली आणि अमेरिकेतले दहा कोटींच्या घरातले प्रेक्षक शेवटच्या भागाला टीव्हीसमोर बसले. हेलीने सांगितलेली वंशावळ पुढे संशोधकांच्या तपासणीत टिकली नाही आणि उचलेगिरीच्या दाव्यात त्याला तडजोडही करावी लागली. पण आजी-आजोबांना बोलते करायचे, जुने फोटो काढून बसायचे ही सवय त्या मालिकेने लावली, आणि कृष्णवर्णीयांच्या वंशशोधाची राष्ट्रीय संस्था वॉशिंग्टनमध्ये त्याच वर्षी स्थापन झाली.

‘रूट्स’मधले कुटुंब गोऱ्यांच्या छळापुढे एकजूट होते. घराच्या आत काय चालते, हे दाखवण्याचे धाडस कमील बिलॉप्सने केले. १९३३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली ही शिल्पकार आणि मुद्राचित्रकार. तिचा नवरा जेम्स हॅच हा गोरा नाट्य-इतिहासकार. दोघांनी न्यूयॉर्कच्या आपल्या राहत्या घरात कृष्णवर्णीय कलावंतांच्या मुलाखती, छायाचित्रे आणि नाट्यसंहितांचा मोठा संग्रह केला होता. तो आता अटलांटाच्या एमरी विद्यापीठात आहे. १९८२ मध्ये त्यांनी ‘सुझॅन, सुझॅन’ हा अर्ध्या तासाहून कमी लांबीचा कृष्णधवल लघुपट काढला. सुझॅन ही बिलॉप्सची भाची, हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर पडलेली. विषय व्यसनाचा होता, पण बोलता बोलता मूळ कारण वर आले: वडिलांची मारहाण. जुन्या फोटोंत आणि घरगुती चित्रणात हेच कुटुंब नीटनेटके, हसरे, चांगल्या कपड्यांत दिसते. पुढे अंधाऱ्या स्टुडिओत सुझॅन आणि तिची आई एकमेकींसमोर नव्हे, तर एकीमागे एक कॅमेऱ्याकडे तोंड करून उभ्या राहतात. मुलगी विचारते, मला मारायचे हे तुला ठाऊक होते का. आणि आई सांगते की मार तीही खात होती. जोन्स यांच्यापासून घरच्या कॅमेऱ्याने जी प्रतिष्ठा जपली होती, तिच्यावर घरच्याच कॅमेऱ्याने इथे प्रश्नचिन्ह लावले. या परंपरेतला सर्वांत मोठा बदल हाच.

बिलॉप्सचा पुढचा चित्रपट याहून बोचरा आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एकटी आई असलेल्या बिलॉप्सने आपली चार वर्षांची मुलगी क्रिस्टा अनाथाश्रमात ठेवली. मार्गारेट लिबिग या गायिकेने तिला दत्तक घेतले. क्रिस्टाही मोठेपणी गायिका झाली आणि वीस वर्षांनी तिने आपल्या जन्मदात्रीला ध्वनिफीत पाठवली. ‘फाइंडिंग क्रिस्टा’ (१९९१) हा सुमारे पंचावन्न मिनिटांचा चित्रपट त्या भेटीचा आहे. त्यात नातेवाईक कॅमेऱ्यासमोर बिलॉप्सला सुनावतात, मुलगी जाब विचारते, दत्तक घेणारी आईही बोलते. मुलीला झालेल्या दुःखाची खंत बिलॉप्सला आहे. पण तो निर्णय चुकला असे ती शेवटपर्यंत म्हणत नाही. प्रेक्षकाला ती आवडावी यासाठी चित्रपट काहीही करत नाही, आणि याच कोरडेपणामुळे तो खरा वाटतो. १९९२ च्या सनडान्स महोत्सवात माहितीपटांचे सर्वोच्च पारितोषिक त्याला विभागून मिळाले. वंशावळ मागे शोधत नेण्याऐवजी हयात असलेल्या तुटलेल्या नात्याकडे कॅमेरा वळवणारे हे काम पुढच्या अनेकांसाठी वस्तुपाठ ठरले.

ब्रिटनमध्ये याच सुमारास दुसरा प्रवाह वाहत होता. १९८१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागासह अनेक शहरांत कृष्णवर्णीय तरुणांचा उद्रेक झाला. १९८२ मध्ये चॅनल फोर सुरू झाले आणि एका करारामुळे छोट्या चित्रपट-गटांना नियमित पैसा मिळू लागला. त्यातून सांकोफा आणि ब्लॅक ऑडिओ फिल्म कलेक्टिव्ह हे गट उभे राहिले. सांकोफाच्या मार्टिना ॲटिलने ‘ड्रीमिंग रिव्हर्स’मध्ये (१९८८) कॅरिबियनमधून आलेल्या एका आईच्या मृत्यूनंतर जमलेली तिची तीन मुले दाखवली, एकाच आईची आठवण तिघांची तीन तऱ्हेची. न्गोझी ओन्वुरा या गटांबाहेरची. वडील नायजेरियन, आई गोरी ब्रिटिश, बालपण ईशान्य इंग्लंडात. तिच्या ‘कॉफी कलर्ड चिल्ड्रन’मध्ये (१९८८) भाऊ-बहीण भांडी घासायच्या पावडरीने स्वतःची कातडी घासतात, पंधरा मिनिटांच्या या लघुपटातला तो प्रसंग विसरता येत नाही. ‘द बॉडी ब्यूटिफुल’मध्ये (१९९१) तिची आई मॅज स्वतःच आईचे काम करते. स्तनाचा कर्करोग होऊन शस्त्रक्रिया झालेले तिचे शरीर आणि मॉडेल म्हणून मिरवणारी तरुण मुलगी असा सामना त्यात आहे. वर्णाचा प्रश्न तिथे वय, आजार आणि स्त्रीच्या देहाशी जोडला जातो.

मार्लन रिग्जने समाजाच्या आतली आणखी एक बंद खोली उघडली. कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांवरचा त्याचा ‘टंग्ज अनटाइड’ (१९८९) १९९१ मध्ये सार्वजनिक दूरचित्रवाणीवर आला तेव्हा कित्येक केंद्रांनी तो दाखवायलाच नकार दिला. ‘ब्लॅक इज... ब्लॅक एन्ट’ करताना तो एड्सने खंगत होता आणि रुग्णालयातल्या खाटेवरूनही कॅमेऱ्याशी बोलत होता. त्यात त्याने आजीच्या हातचा गम्बो, म्हणजे लुइझियानाकडे हाताला येईल ते घालून शिजवला जाणारा दाट रस्सा, मध्यभागी ठेवला: कृष्णवर्णीय असण्याची एकच पाककृती नाही, असे सांगण्यासाठी. १९९४ मध्ये तो वारला. चित्रपट सहकाऱ्यांनी पुरा केला. थॉमस ॲलन हॅरिस याच्या घरी आजोबांपासून फोटो आणि फिल्मचा नाद. त्याचे बालपण ब्राँक्स आणि टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये गेले. सावत्र वडील दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेले आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे कार्यकर्ते. ‘दॅट्स माय फेस’मध्ये (२००१) घरची जुनी रिळे आणि ब्राझीलमधल्या बाहियात स्वतः केलेले सुपर-एटचे चित्रण त्याने एकत्र गुंफले. २००९ पासून तो गावोगावी जाऊन लोकांना घरचे आल्बम घेऊन बोलावतो आणि फोटोंमागच्या गोष्टी चारचौघांत सांगायला लावतो.

ज्यांच्याकडे रिळेच नाहीत त्यांनी काय करायचे? कॉलीन स्मिथने ‘क्रॉनिकल्स ऑफ अ लायिंग स्पिरिट’ (१९९२) या सहा मिनिटांच्या लघुपटात स्वतःसाठी एक खोटे चरित्रच रचले. लायबेरियात जन्मलेल्या शेरिल डनीने ‘द वॉटरमेलन वुमन’साठी (१९९६) तीसच्या दशकातल्या एका कृष्णवर्णीय नटीची जुनी वाटणारी छायाचित्रे मुद्दाम तयार करवून घेतली आणि ती नटी काल्पनिक असल्याचे अखेरीस पडद्यावर कबूल केले. हा खोडसाळपणा नव्हे. दप्तरात जागा रिकामी का आहे, हे दाखवण्याची ती रीत होती.

व्हिडिओ स्वस्त झाल्यावर चित्रण ही श्रीमंतांची मिरास राहिली नाही. लुइझियानात १९९७ मध्ये बँक लुटल्याबद्दल रॉब रिचर्डसनला साठ वर्षांची शिक्षा झाली. त्याची पत्नी फॉक्स रिच हिने मुलांचे वाढणे, वाढदिवस, शाळेचे दिवस असे सगळे नवऱ्यासाठी टेपवर उतरवून ठेवले. गॅरेट ब्रॅडलीने तिच्यावर एक लघुपट केला होता. चित्रण संपताना फॉक्सने शंभर तासांच्या टेपांची पिशवी तिच्या हाती दिली आणि लघुपटाचा ‘टाइम’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट झाला. २०२० मध्ये सनडान्समध्ये त्याला दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. जोन्स यांची रिळे आणि फॉक्सच्या टेपा यांत अनेक दशकांचे अंतर असले तरी काम एकच: जो उपस्थित नाही त्याला दाखवण्यासाठी जपून ठेवणे.

जुन्या फिल्मचे आयुष्य मात्र मोजके असते. ॲसिटेटची फिल्म दमट, उष्ण जागी राहिली की तिला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो, ती आक्रसते आणि मग प्रोजेक्टरवर चढतच नाही. एका पिढीने तळघरात ठेवलेला डबा पुढच्या पिढीने घर विकताना कचऱ्यात टाकला, असे घडते. शिकागो विद्यापीठाच्या जॅकलिन स्टुअर्ट यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या साउथ साइड होम मूव्ही प्रकल्पात शहराच्या दक्षिण भागातल्या घरांतून अशी रिळे गोळा केली जातात. चित्रात कोण, कुठे, कशासाठी जमले होते हे घरच्या माणसांकडून नोंदवून घेतले जाते, कारण त्या आठवणीवाचून रीळ मुके राहते. वॉशिंग्टनमध्ये २०१६ मध्ये उघडलेल्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयातही कुटुंबांच्या फिल्म आणि टेपांचे डिजिटल रूपांतर विनामूल्य करून दिले जाते. मूळ वस्तू कुटुंबालाच परत मिळते आणि संमती असेल तरच प्रत संग्रहालयात राहते.